पुलाखालचं नागपूर : शहर आखणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
नागपूरचे रस्ते, पूल, मेट्रो आणि पर्यटन ज्यांच्या टेबलावर आखलं जातं, त्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा नाही, साताऱ्याकडचा. पण नव्वदच्या दशकात एका औषध कंपनीचा एमआर म्हणून, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा प्रतिनिधी म्हणून, तुमच्या शहरात नोकरी केली. हातात काळी बॅग, गळ्यात टाय, बुडाखाली तापलेली लुना आणि मे महिना. ज्यानं हे भोगलंय त्याला पुढचं सांगायला नको. यंदा भाचीचं लग्न नागपुरात निघालं. समृद्धी महामार्गानं आलो, अक्षता टाकल्या, पंगतीत वडाभात हाणला आणि बाकीचे पाहुणे परत निघाले तरी मी मुद्दाम मागं राहिलो. जुनी टेरिटरी पुन्हा एकदा फिरायची होती. थोडी मेट्रोनं, थोडी ऑटोनं, बरीचशी पायी. त्या फिरण्यात जे दिसलं आणि जे दिसता दिसता राहिलं, ते तुम्हाला कळवतोय. तक्रार म्हणून फाइलला लावा किंवा पाहुण्याची बडबड म्हणून वाचा.

आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. २०१९ मध्ये मेट्रो धावायला लागली तेव्हा आमच्याकडं लोक हसत होते. नागपूरला मेट्रो कशाला, म्हणायचे. त्यांना मी आता सांगेन, मे महिन्यात भर दुपारी खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गारव्यात बसून जाऊन दाखवा, मग बोला. जो पट्टा पार करताना माझी बॅग, टाय आणि स्वभाव तिन्ही गोष्टी कोमेजायच्या, तो आता पेपर वाचता वाचता संपतो. वर्धा रोडवरचा दुमजली पूल पाहिला. कामठी रोडवरचा त्याहून लांब, ५.६७ किलोमीटरचा. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी स्वतः बांधल्यासारख्या अभिमानानं बोट दाखवलं, "पाहा भाऊ, चार मजले!" मी पाहिले. मोठं काम आहे.

पण त्याच प्रवासात एक गोष्ट खटकायला लागली. कामठी रोडनं मी वरून गेलो आणि मला पाण्याच्या टाक्या दिसल्या, क्लासेसचे फलक दिसले, दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे दिसले. कडबी चौक गेला, इंदोरा गेला, नारी रोड गेला, जरीपटक्याकडं वळणारा रस्ता मागं पडला आणि यातलं काहीही मला भेटलं नाही. मी ओळखत होतो म्हणून मनात जोडत गेलो. जो पहिल्यांदा आलाय तो काय जोडणार? तुम्ही शहर ओलांडायची सोय अव्वल दर्जाची केलीत. शहरात उतरायची, थांबायची, पायी हिंडायची सोय मात्र तुमच्या टेबलावर अजून आलेलीच दिसत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचं पत्र ते पटवून देण्यासाठी.

एमआरकडं डॉक्टरांची यादी असते. माझी यादी म्हणजे या शहराची खरी ओळखपरेड होती. धंतोलीत एक बंगाली डॉक्टर, भिंतीवर रामकृष्ण परमहंसांचा फोटो, कंपाउंडर भंडाऱ्याचा. जरीपटक्यात सिंधी डॉक्टर. सकाळच्या कॉलला, म्हणजे भेटीला, गेलं की शेजारून दाल-पकवान मागवल्याशिवाय औषधाचं नाव काढू द्यायचे नाहीत. मोमीनपुऱ्यात एक जण होते, आजोबा हकीम, हे एमबीबीएस. त्यांच्या चेंबरमध्ये उर्दू इतकी साफ की माझं औषधाचं सगळं पाठांतर तिथं गावंढळ वाटायचं. अजनीकडं रेल्वे क्वार्टरच्या बाजूला तेलुगू दांपत्य. पाचपावलीत हलबा कोष्ट्यांच्या वस्तीत एक तरुण डॉक्टर, त्याच्या दवाखान्यात मागच्या बाजूनं हातमागाची खटखट ऐकू यायची. सदरला एक वयस्कर पारशी बाई, ज्या सॅम्पल परत करायच्या आणि म्हणायच्या, गरिबाला दे. आणि महिनाअखेरीस हिशेबाला गांधीबागेत दवा बाजारात मारवाडी स्टॉकिस्ट, ज्याला पाच भाषांत "माल उठत नाही" एवढं नक्की म्हणता यायचं.

या सगळ्यांच्या वेटिंगमध्ये मी तासन् तास बसलोय. एमआरचं निम्मं आयुष्य वेटिंगमध्येच जातं. तिथं बालाघाटची बाई असायची, छिंदवाड्याचा म्हातारा असायचा, राजनांदगावहून आलेलं कुटुंब, आदिलाबादकडचा शेतकरी. 'मेडिकल' आणि 'मेयो' या दोन सरकारी दवाखान्यांच्या नावांवर तीन-चार राज्यं अजूनही नागपूरला येतात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. डॉक्टर एकाशी मराठीत, दुसऱ्याशी हिंदीत, तिसऱ्याच्या पोराशी इंग्रजीत बोलायचे आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटायचं नाही. आमच्या पुण्या-साताऱ्याकडं एक तुच्छतेचा सूर असतो, की नागपूरवाले मराठी असून हिंदीत बोलतात. हा सूर लावणाऱ्यानं एक दिवस त्या वेटिंगमध्ये बसावं. दुखणं सांगायला आलेल्या माणसाला आधी भाषा बदलायला लावणं या शहराला जमत नाही, हा त्याचा गुण आहे.

हे मिश्रण आभाळातून पडलेलं नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या एकत्र करून हे शहर वसवलं. म्हणजे मुळात गोंडांचं शहर. त्यानंतर भोसले आले आणि मराठी दरबार आला. १८१७ मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, १८२१ मध्ये कामठीची छावणी, आणि मद्रासच्या पलटणींबरोबर तमिळ-तेलुगू कुटुंबं. उत्तरेतून मोमीन विणकर आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाली आणि मराठी मुलूख आणि हिंदी मुलूख एकाच कचेरीत फायली आणायला लागले. १८६७ ला रेल्वे आली, १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढं बंगाल-नागपूर रेल्वेनं बंगाली आणि तेलुगू बाबू आणले. नागपूर विद्यापीठ १९२३ ला निघालं तेव्हा पहिले कुलगुरू कोण? सर बिपिनकृष्ण बोस. बंगाली माणूस. फाळणीनंतर सिंधी आले, आणि त्यांनी जिथं संसार थाटला त्या वस्तीचं नाव भोसल्यांच्या झेंड्याचं, जरीपटका.

गंमत बघा. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि तिथंच पक्षानं आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार करायच्या ठरवलं. भाषावार प्रांतांच्या मागणीला जोर इथून आला आणि तिचा सगळ्यात मोठा फटकाही याच शहराला बसला. १ नोव्हेंबर १९५६ ला हिंदी जिल्हे भोपाळकडं गेले, नागपूर मुंबईकडं आलं आणि राजधानीपण संपलं. त्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली होती. महिन्याच्या आत शहराकडून एक ओळख काढून घेतली गेली आणि दुसरी, कितीतरी मोठी, मिळाली. कागदावर राजधानी गेली, पण माणसं कुठं गेली? इतवारीतला व्यापारी, रेल्वेतला बाबू, छावणीतला म्हातारा तिथंच राहिला. म्हणून १९७५ चं पहिलं विश्व हिंदी संमेलन महाराष्ट्रातल्या या शहरात भरलं याचं इथल्या कुणाला नवल वाटत नाही.

आता यातलं किती काही पाहुण्याला कळतं, ते बघा. आणि यासाठी मी तुमच्याच मेट्रोचा नकाशा पुरावा म्हणून देतो. ॲक्वा लाइनवरच्या स्टेशनांची नावं ओळीनं वाचा: चितार ओळ, अग्रसेन चौक, दोसर वैश्य चौक, रेल्वे स्टेशन, कॉटन मार्केट. दुसऱ्या लाइनवर कस्तुरचंद पार्क, ज्यांच्या नावानं तो आहे ते सर कस्तुरचंद डागा मूळ बिकानेरकडचे, कामठीचे सावकार. प्रत्येक नावामागं एक जमात, एक धंदा, एक स्थलांतर उभं आहे. गाडीत नाव पुकारलं जातं, दार उघडतं, बंद होतं. चितार ओळीला उतरलो तेव्हा माझ्याबरोबर उतरलेल्या कॉलेजच्या पोराला विचारलं, इथं मूर्ती घडवणारे चितारी कुठं बसतात? "काय माहीत काका, मी तर नेहमी इथून ऑटो पकडतो."

मी शोधत गेलो. फार शोधावं लागलं नाही, पण विचारावं लागलं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना गाड्या, आणि एका उघड्या ओसरीत तणसाच्या पेंढ्या सुतळीनं आवळून बांधलेला सांगाडा. डोकं नाही, हात नाहीत, फक्त पोट आणि मांडी. त्यावर एक माणूस अंगठ्यानं माती दाबत होता. माती कोरडी पडू नये म्हणून बाजूला ओलं पोतं. त्यानं वर न बघता विचारलं, "बुकिंगले आले काय? अजून टाइम आहे." मी म्हटलं, नुसता बघायला आलोय. तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि पोरगं पाठवून चहा मागवला. गणपतीनंतर दुर्गा, दुर्गेनंतर काली, असं वर्ष चालतं म्हणाला. बंगाली लोकांच्या दुर्गेचे डोळे वेगळे काढावे लागतात, मराठी मंडळांचे वेगळे, ते त्यानं हवेत बोटानं काढून दाखवले. पहिले लांब आणि कानाकडं निमुळते, दुसरे गोल, समोर बघणारे. मी म्हटलं, एका हातानं दोन्ही कसे जमतात? "गिऱ्हाईक सांगते तसं करा लागते ना भाऊ." म्हणजे एका शहरातल्या दोन भक्तिपरंपरा एका अंगठ्यात एकत्र राहतात, आणि स्टेशनच्या जिन्यापासून ही ओसरी दहा मिनिटांच्या आत आहे. जिन्यावर मी उतरलो तिथं मला जाहिराती दिसल्या. या माणसाकडं नेणारा एक बाण दिसला नाही.

तिथून पुढं पायी इतवारीत गेलो. 'पायी' हा शब्द इथं जरा उदारपणे वापरतोय. फुटपाथ आहे, पण त्यावर स्कूटर आहेत. स्कूटर संपल्या की विजेची डीपी आहे. डीपी संपली की फुटपाथच संपतो आणि माणूस थेट ई-रिक्षाच्या समोर उतरतो. गड्डीगोदामला तर मी चार मजल्यांच्या त्या चमत्काराखाली रस्ता ओलांडायला उभा राहिलो आणि उभाच राहिलो. वरच्या प्रत्येक मजल्याला ठरलेला वेग आहे. तळमजल्यावर काठी टेकत निघालेल्या म्हातारीला तिच्या वेगानं पलीकडं जाता येईल, इतका वेळ कुणी राखून ठेवलेला नाही. शेवटी एका ट्रकवाल्यानंच गाडी थांबवून आम्हाला हात केला. नंबर पंजाबचा होता.

इतवारीत किराणा ओळीत एका दुकानासमोर टेकलो. जुनी ओळख नव्हती, पण मिरचीच्या पोत्यांशेजारी एक स्टूल मोकळं होतं. गल्ल्यावर बसलेला माणूस माझ्याच वयाचा. फोनवर घरच्यांशी मारवाडी. समोर बालाघाटहून आलेल्या दोघी, त्यांच्याशी हिंदी: "दीदी, धनिया नया है, हाथ में लेके देखो." तेवढ्यात एक सावजी भोजनालयवाला आला, त्याच्याशी अस्सल नागपुरी मराठी: "काहून बे, मागच्या हप्त्याचे पैसे खाऊन राहिला काय?" मग हमालाला दोन्हींची खिचडी करून ओरडला, "अरे पोट्ट्या, बोरा उधर नको ठेवू ना, गिऱ्हाईक कसा जाईल!" मध्येच माझ्याकडं वळला. "तुम्ही पुण्याचे काय?" मी म्हटलं, साताऱ्याचा. "एकच झालं ना भाऊ." त्यावर मला काही बोलता आलं नाही, आम्ही लोक भंडारा, गोंदिया, चंद्रपूर एकाच दमात 'विदर्भ' म्हणून संपवतो, त्याची फिटंफाट झाली. मग त्यानं भिवापुरी मिरचीचं एक फळ मोडून माझ्या तळहातावर ठेवलं. जाड साल, आतून चमकणारा लाल रंग. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय, संत्र्याला तर आधीच मिळालंय. पण ती मिरची ज्या तोंडी ओळखीवर विकली जाते, ज्या चार भाषांच्या घासाघिशीतून तिचा भाव ठरतो, त्याला कसलं मानांकन देणार? त्याला फक्त जागा लागते. दोन माणसं समोरासमोर उभी राहून भांडू शकतील एवढी, सावलीतली, गाड्यांच्या हॉर्नपासून थोडी बाजूची जागा.

मी दुकानदाराला विचारलं, धंदा कसा आहे. म्हणाला, होलसेल ठीक आहे, किरकोळ गिऱ्हाईक तुटलं. का? "यायचं कसं? गाडी लावायला जागा नाही, चालायला त्याहून नाही." याचं उत्तर म्हणून पार्किंगच्या इमारती उभ्या करायच्या, हे तुमच्याकडचं ठरलेलं औषध मला ठाऊक आहे. पण औषधाच्या धंद्यात राहिलेला माणूस म्हणून सांगतो, लक्षणावर गोळी देणारे आम्ही होतो. निदान डॉक्टरनं करायचं असतं. त्या बाजाराला गाड्यांचा ताप आहे आणि तुम्ही आणखी गाड्यांचा डोस लिहून देताय.

पर्यटनाबद्दल थोडंसं. विमानतळापासून शहरभर वाघ आणि संत्री. दोन्ही खरे आहेत, दोन्ही गोड आहेत (वाघ लांबून). पण त्याचा परिणाम असा झालाय की पाहुणा विमानातून उतरतो, गाडीत बसतो आणि पेंच किंवा ताडोबाला निघून जातो. परत येतो ते विमान पकडायला. नागपूर त्याच्यासाठी दोन जंगलांमधलं पार्किंग आहे. तो एक दिवस थांबला असता तर त्याला अजब बंगला, म्हणजे इथलं जुनं संग्रहालय, बघता आला असता, दीक्षाभूमीच्या स्तूपाखाली बसता आलं असतं, ताजबागेच्या दर्ग्यात कव्वाली ऐकता आली असती, जरीपटक्यात सकाळचा नाश्ता आणि मोमीनपुऱ्यात रात्रीचं जेवण करता आलं असतं, आणि मधल्या वेळेत एखाद्या टपरीवर तर्री पोहे खाऊन डोळ्यांतून पाणी काढता आलं असतं. हे सगळं आजही आहे. फक्त ते एकमेकांना जोडणारी चालण्याची वाट नाही, आणि काय कुठं आहे हे सांगणारं कुणी नाही.

आणि काही गोष्टी तर सांगायलाच हव्यात, त्या गोड नसल्या तरी. झिरो माईलच्या खांबाजवळच्या दगडी घोड्यांसमोर मी तरुण पोरापोरींना फोटो काढताना पाहिलं. छान आहे. पण त्याच परिसरात गोवारी शहिदांचं स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गुरं राखणाऱ्या गोवारी समाजातली ११४ माणसं गेली. बायका होत्या, पोरं होती. तेव्हा मी याच शहरात होतो. दुसऱ्या दिवशी एकाही डॉक्टरकडं कॉल करायची हिंमत झाली नाही, कारण प्रत्येक दवाखान्यात तोच विषय होता आणि माझ्या बॅगेत त्यावर काही नव्हतं. जवळच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव दिलंय, हे योग्यच आहे. पण पूल हे नाव वाचायची जागा नव्हे, तिथून माणूस पन्नासच्या वेगानं जातो. गोवारी कोण, ते काय मागत होते, का आले होते, हे घोड्यांजवळ फोटो काढणाऱ्या पोराला चार ओळींत वाचता यायला हवं.

"जागा कुठं आहे?" हा तुमचा पहिला प्रश्न असेल. मला वाटतं, जागा आहे आणि शहराला ती वापरताही येते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून माणसं येतात, चालत येतात, रस्त्याकडेला बसून जेवतात, पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करतात. नागपूर त्यांना पाणी देतं, अन्न देतं, वाट देतं. रामनवमीच्या शोभायात्रेला देतं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे वाईटाचे पुतळे वाजतगाजत मिरवून जाळण्याच्या दिवशी, तर जुनं शहर गाड्यांना सरळ बाहेर काढतं. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतक्या वर्षांत त्या मिरवणुकीला फ्लायओव्हर लागला नाही. वर्षातले हे दिवस निभावणाऱ्या शहराला उरलेल्या दिवसांत कडेनं पाच-सहा फुटांची सलग वाट जमत नाही, हे मला पटत नाही.

दुसरा प्रश्न फेरीवाल्यांचा असेल. नेहमी तिथंच गाडं अडतं. माझं मत स्पष्ट आहे: फेरीवाला हा चालण्यातला अडथळा कमी आणि चालण्याचं कारण जास्त आहे. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर माणसं काय फुटपाथच्या फरश्या बघायला येतात? थंडीत स्वेटर घेऊन येणारे तिबेटी, उन्हाळ्यात रसवंतीवाले, संत्र्यांच्या गाड्या, हे काढले तर उरतं काय? २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी बसवायची तरतूद आहे. आखणी करण्याआधी त्यांना बसवा. नंतर अतिक्रमणाची गाडी पाठवण्यापेक्षा स्वस्त पडेल.

आधी विचारण्याचा मुद्दा तुम्हाला नवा नसावा. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम झालं, १ जुलै २०२४ ला लोक एकत्र आले, संतापले आणि काम थांबवावं लागलं. ज्यांची ती जागा आहे त्यांना आधी नकाशा दाखवला असता तर कदाचित एक खड्डा वाचला असता. कोष्ट्यांच्या वस्तीत, मोमीनपुऱ्यात, चितार ओळीत काही करायचं असेल तर तिथल्या लोकांना बोलवा, आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडून प्रेझेंटेशन दाखवू नका. त्यांच्या ओसरीवर जा. चहा ते देतील.

मागणं फार मोठं नाही. कॉटन मार्केट स्टेशनच्या जिन्यापासून सुरुवात करा. तिथून गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव, बाजूला एम्प्रेस मिलची जागा जिथं आता मॉल आहे, पुढं गांधी गेट, महाल, बडकस चौक, चितार ओळ, गांधीबाग, इतवारी. सगळं मिळून दोन-तीन किलोमीटर. ही एक वाट सलग करा. अशी की म्हातारं माणूस आणि बाळाची गाडी ढकलणारी आई न अडखळता जाईल. कडुनिंब लावा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो त्या गावात सावलीशिवाय फुटपाथ बांधणं म्हणजे तवा तापवून ठेवणं. ठिकठिकाणी माठ ठेवा. पाणपोई घालणारे दानशूर या शहरात पैशाला पासरी आहेत, त्यांना फक्त जागा दाखवा. बायकांसाठी स्वच्छतागृह हवंच. माझी बायको बरोबर होती, तिनं या एका कारणानं दोन तास पाणी प्यायलं नाही, तेही नागपूरच्या उन्हात.

आणि उड्डाणपुलांचं एक राहिलंच. कामठी रोडवर तुम्ही सहाएक किलोमीटर सावली तयार केलीय. विदर्भात सावलीला काय मोल आहे हे तुम्ही जाणता. आज ती सावली गाड्यांवर पडते, माणसावर नाही. निदान स्टेशनांच्या खाली आणि चौकांत जिथं रुंदी मिळते तिथं बाक टाका, पाणी ठेवा, आणि समोरच्या मोहल्ल्याची गोष्ट लिहा. मराठीत लिहाच, हिंदी-इंग्रजीही असू दे. पण जरीपटक्याच्या बाजूला ती सिंधीतही असावी, मोमीनपुऱ्याच्या तोंडाशी उर्दूत, धंतोलीत बंगालीत, अजनीत तेलुगूत, आणि बख्त बुलंद शाहची गोष्ट जिथं लिहाल तिथं गोंडीत. मजकूर एजन्सीकडून लिहून घेऊ नका. त्या त्या वस्तीतल्या निवृत्त शिक्षकाला सांगा, तो एका रात्रीत लिहून देईल आणि मानधनाचं विचारणारही नाही. तरीही द्या.

खर्चाचं म्हणाल तर या सगळ्याला पुलाच्या दोन खांबांचे पैसे तरी लागतील का, याचा हिशेब तुमच्याकडच्या इंजिनिअरनं एकदा मांडून बघावा. मला फक्त गोळ्यांचे भाव पाठ होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत बघायला मी पुन्हा येणार आहे. बायकोला पिवळी बघायचीय, मला बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांवर, यंदा कुणाचा नंबर लागतो ते वाचायचंय. सकाळी कॉटन मार्केट स्टेशनला उतरून इतवारीपर्यंत वर सांगितलेल्या वाटेनं चालत जाणार. तुमच्यापैकी कुणाला सरकारी गाडी घरी ठेवून बरोबर यायचं असेल तर जरूर या. तर्री पोहे माझ्याकडून.

आपला,
एक जुना एमआर
सातारा